थांबायची अट

मार्केट यार्डाच्या मागं, जिन्याच्या तोंडाशीच पोती,
वर आमचं ऑफिस.
की-बोर्डच्या फटींत हळद बसते,
एन्टरची कळ तर पार पिवळी झालीय.

सौदे संपले की खाली झाडू फिरतो
आणि वर मुजावर तोच वाद उकरतो:
पान त्यांच्या फोनवर जुळू दे, सर्व्हरवर कशाला?
मी म्हणते, उमदीला रेंज दीड काडी.
तिथं चुरमुरे वेगळे, तिखट वेगळं, शेंगदाणे वेगळे पाठवणार
आणि म्हणणार, घ्या, करा भडंग?
माणूस पांढऱ्या पडद्याकडं बघत बसतोय,
भाव काय ते कळंना.
इथंच कालवू. पुडी बांधून पाठवू.
‘मग आपली कढई तापंल.’
तापू दे की.

मंगळवारी तापली.
सव्वाअकराला सर्व्हर बसला.

अडत्यांची यादी होती, कोण कुणाच्या हाताखाली.
नवीन आलेल्या ऋजुताला मी ओला गड्डा हातात देऊन शिकवलेलं:
हे बोट धर, विचार, तू कुणाला फुटलास?
तो जे दाखवेल त्यालाही तेच विचार,
मग त्याच्या वरच्याला. प्रश्न बदलायचा नाही.
जेठ्यापाशी आलीस की थांब.
तिनं तसंच लिहिलेलं. अक्षरही चुकलं नव्हतं.

लॉग उघडला तर

मलगोंडा चौगुले, तुमच्या वर कोण?
मलगोंडा चौगुले.
मलगोंडा चौगुले, तुमच्या वर कोण?
मलगोंडा चौगुले.

अकरा हजार वेळा.
मुजावर आधी हसला.

मी फोन लावला. कवलापुरातनं ते म्हणाले,
‘वर आण्णा होते की. गेल्या श्रावणात गेले.
नाव काढलं, तर तुमचा रकाना मोकळा ऱ्हाईना,
लाल व्हायचा, पुढं जाऊ द्यायचा न्हाई.
मग घातलं माझंच.’

तो रकाना सक्तीचा मीच केला होता,
एका शुक्रवारी, घरी जायच्या घाईत.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची निघाली:
वर कोणी नसेल, तर थांब.
रकाना मोकळा राहिला तरी चालेल.
ऋजुतानं विचारलं, एवढंच?
एवढंच.

साडेपाचला उमदीहून फोन,
‘आलं बरं का पान. लगीच आलं.
पण भाव का पडलाय हो?’
त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

चौगुल्यांनी त्या रात्री स्वतःची नोंद उघडली,
लॉगमध्ये वेळ आहे, नऊ बेचाळीस.
सात मिनिटं उघडीच होती.
मग स्वतःचं नाव पुसलं,
दुसरं काही लिहिलं नाही,
आणि जतन केलं.