भेंडीच्या पोटातलं पाणी

ती वीस फूट, आमचं घर पंधरा.
म्हणून ती गल्लीत असते, दोन झिजक्या टायरांवर,
शेपटी आमच्या दारात, नाक गुर्रम मास्तरांच्या.
पावतीवर तिचं नाव सर्फस्की.
गल्लीत, भेंडी.
हिरवी, लांब, निमुळती. आणि नागम्मा म्हणते,
जून निघाली.

गोव्याहून आणली, तिसऱ्या हाताची,
चादरींचे गठ्ठे पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोच्या टपावर.
विकणारा म्हणाला होता, आत थेंब येत नाही.
समुद्रात येत नसेल.
हिप्परग्यात येतं.

आज पहाटे सांडव्यापाशी वळताना कळलं:
मी डावीकडे झुकलो
की आतून कोणीतरी
अर्धा क्षण उशिरा माझ्यामागून सरकतं.
तिकीट न काढता बसलेलं.
काठावर खांद्यावर घेतली, तर चौदा किलोची बोट
कानाशी नारळासारखी वाजली.

घरी आल्यावर नाक मास्तरांच्या कठड्यावर चढवलं,
शेपटी खाली. बूच अंगठ्याने निघेना,
तेव्हा मागाचा पाना आणला.
"थांबा."
नागम्माने मांडीवरचं विड्यांचं सूप उतरवलं,
तेंदूच्या पानांवर कात्री ठेवली, बादली आणली.
"अय्यो, नळ येतो पाचव्या दिवशी,
आणि तुम्ही नीळ्ळु गटारात ओतायलाव?"

बूच सुटलं.
थोडं पाणी आलं. थांबलं.
मग हवा आत गेली, मग पाणी बाहेर,
बुडुक,
मग परत हवा.
एकाच दारात दोन पाहुणे,
आणि दोघंही आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होते.
पोरं जमली. कोणीतरी मोजायला लागलं.
एक बादली भरली. दुसरी, कडीच्या खाली चार बोटं.

तळाशी चमचाभर वाळू उतरली, पांढरी.
हिप्परग्याचा तळ काळा आहे, पायाला चिकटतो.
मास्तरांच्या नातीने, कोणी नको म्हणायच्या आत,
बोट लावून चाटली.
"खारट!"
म्हणजे तिथेही यायचं.
मी त्या माणसाला मनातल्या मनात शिवी दिली
आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

चौकातून चाँदसाब नदाफ आला, पंक्चरवाला.
भोवती एक फेरी मारली, टिचकी मारली. म्हणाला,
"ट्यूबच आहे की ही. फुगव."
त्याने अंगभर साबणाचा फेस फासला,
मी बुचाच्या भोकाला तोंड लावलं.
सोळा वर्षं मागाखात्यात रुई गिळलेली छाती माझी,
तिसऱ्या फुंकेला डोळ्यांपुढे काजवे.
"अजून," चाँदसाब म्हणाला.
"अजून."
आणि सीटच्या सांध्यापाशी, केस अडकवा इतक्या फटीतून,
एक बुडबुडा वर आला, मोहरीएवढा,
मग त्याच्याशेजारी दुसरा.
माझाच श्वास, वीस फूट हिंडून
भलत्याच ठिकाणी उगवलेला.
चाँदसाबने खडूने गोल केला,
पैसे घेतले नाहीत. "पाण्यावर गेल्यावर फोटो पाठव."

शेवटची वाटीभर मात्र निघेना.
उलटी केली, हलवली, उन्हात ठेवली.
शेवटी वेताच्या काठीला टॉवेल बांधून आत घातला,
काठ चुकलेला, सेकंडातला,
माझ्याच पाळीत विणला गेलेला.
बाहेर आला तेव्हा जड होता, आणि तळ्याचा वास.
पिळताना नागम्मा कधी नव्हे ते म्हणाली,
"ह्या खेपेला माल चांगला आहे तुमचा."

बादल्या तिने निवू दिल्या.
वरचं कढीपत्त्याला, खालचं मोरीला.
त्याच तळ्याचं पाणी परवा नळाला येईल,
क्लोरीन घालून, रात्री अडीचला.

दोन दिवसांनी सांधा सुकला.
आज पहाटे सांडव्यापाशी मी डावीकडे झुकलो
आणि सवयीने अर्धा क्षण थांबलो.
मागून कोणी सरकलं नाही.
नीट तोल गेला असता, थोडक्यात.