चार भोकांची पेटी

नव्या पेठेत दुकानदारानं सात माइकांची सूटकेस उघडली,
आत काळा स्पंज, प्रत्येकाला आपापला खड्डा.
"ड्रमचा पुरा सेट, मालक. डोळे झाकून न्या."
डोळे झाकून मी आयुष्यात दोनच गोष्टी घेतल्या,
एक स्कूटर, एक ॲम्प्लिफायर.
दोन्ही अजून दारात उभ्या आहेत.

माझ्या पेटीला भोकं चार.
उरलेल्या तिघांना काय चहा पाजत बसू?

खिशात साडेअकरा हजार, त्यातले दोन श्रीलताचे,
टॉवेलांच्या दशा वळून साठवलेले.
ते मी वेगळ्या खिशात ठेवले होते.

पहिला, पायाखालच्या मोठ्या ड्रमचा. त्यात वाद नव्हता.
जाड मानेचा, जड, थोडा मठ्ठ,
कुजबुज त्याला कळत नाही,
पण पोटात लाथ बसली की पुरती सांगतो.
ड्रमच्या पोटात घडी घालून एक चादर,
विकायला नालायक ठरलेली, मोर उलटा विणला गेलेली.
मोराच्या पाठीवर तो निजवला.

दुसरा, स्नेअरचा.
मांडवातला आपला नेहमीचाच,
ज्याच्यावर आहेर पुकारतात, पुढारी थुंकी उडवतात,
जो पडतो, उठतो आणि पुन्हा "हॅलो चेक" म्हणतो.
कडेपासून दोन बोटं वर, नाक मधोमध,
पाठ हाय-हॅटकडे.
माइकालाही पाठ असते.
ती कुणाकडे फिरवायची हे मला घरात अजून जमलेलं नाही.

उरले डोक्यावरचे दोन. इथं गाडी अडली.
हे फार कानाचे. झांज विझतानाची
शेवटची धूळसुद्धा गोळा करतात.
पण अक्कलकोट रोडला, माळ्यावर,
खाली आठ माग चालू असताना?

हेडफोनमध्ये सगळं आलं,
खटक-खटक, शेजारचा कुकर, मागं येणारा टेम्पो,
"सोड, सोड, सोड, बास!"
श्रीलतानं एक कान बाजूला केला,
"का बे, ह्यात मी कुठाय?"

मग ठरलं, जेवणाच्या सुट्टीत. माग थांबतात तेवढा अर्धा तास.

दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत.
एकाला आवाज आधी पोचला, दुसऱ्याला मागून,
तर स्नेअर विरळ पडतो, धुतल्यावर कापड पडतं तसा.
माझी टेप झांजेला लागून खणखणत होती.
नरसय्या डबा ठेवून वर आले.
पस्तीस वर्षं मागावर, डावा कान त्यांनी तिथंच दिला.
मी काय मोजतोय, का मोजतोय, विचारलं नाही.
खिशातून सूत काढलं,
एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्याखाली,
दुसरं डाव्या माइकापर्यंत ताणलं, गाठ.
तेच सूत उजवीकडे.
"एक बोट कमी."
मी स्टँड सरकवला.
"दोन्हीकडं ताण सारखा नसला की कापड ओढतं,"
बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं ते म्हणाले
आणि भाकरी खायला खाली गेले.

श्रीलतानं एक ठोका दिला.
स्नेअर माझ्या दोन कानांच्या बरोबर मधे
पाय रोवून उभा.

सव्वीस मिनिटांत तीन टेक. तिसऱ्याच्या शेवटाला
खालचा पहिला माग सुरू झाला, मग दुसरा.
तिनं थांबायला हवं होतं.
थांबली नाही. तो टेक मी अजून कुणाला ऐकवलेला नाही.

शनिवारी होम मैदानावर कार्यक्रम आहे.
तिथं डोक्यावरचे दोघे नेणार नाही;
उघड्यावर वारा, समोर स्पीकरची भिंत,
लगेच किंचाळायला लागतील.
त्यांना मोज्यांत घालून कपाटात ठेवलंय.
झांज काय, मैदानभर स्वतःच्या पायानं जाते.

आज दुकानदाराचा फोन,
"मालक, टॉमला काय लावलंत?"
टॉमला काही नाही, म्हटलं.
शेजारच्यांच्या लग्नात आपण कसे
कुणी न बोलावता प्रत्येक फोटोत येतो,
तसे येतात ते.