कुठून आलात, कुठे जाणार

बेळगावचं वऱ्हाड यायचं होतं
म्हणून दहाच्या आत मला दोनशे चार सोडायची होती.
गुरुदास काउंटरवरून म्हणाला, माफ करा हां बाय,
सगळे मजले घेतलेत त्यांनी,
मुलीकडचे, मुलाकडचे, दोन्ही इथेच.
म्हटलं, होऊ दे लग्न. मी कुठे मध्ये येतेय.

तीन रात्रींत खोलीला माझी सवय झाली होती
की उलट, कोण जाणे.
गीझरचं बटण दोनदा दाबावं लागे.
खिडकीखालच्या स्टँडवर कंडक्टर
म्हापसा म्हापसा करत पहाट फाडायचा,
आणि काल तर मीच त्याच्याआधी उठून
वाट पाहत पडले होते, आज उशीर का म्हणून.

निघताना पलंगाखाली वाकून पाहिलं,
मोरीत, दारामागे, उशीच्या खोळीत.
ही आमच्या अण्णांची रीत.
शेवटी उंबऱ्यातून एकवार सगळ्या खोलीवर नजर,
उसने पैसे मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी.
साबणाची चिपटी तेवढी तिथेच ठेवली.

नवी जागा खाडीपलीकडे, मळ्यात.
मोजली, पाचशे ऐंशी पावलं.
पण खोली मिळणार दोनला.
दहा ते दोन
पणजीत माझ्या नावाची एकही किल्ली नव्हती.

पुलावर बॅग थांबवली तेव्हा कळलं
चाकं किती बडबडत होती ते.
खाली ओहोटी. चिखलात बगळा,
एक पाय वर धरून उभा, तो कुठे टाकायचा
याचा त्यालाही पत्ता नव्हता.

मग एका चहाचे दोन तास केले.
भाजीपाव संपला, वाटी पुसून संपली.
पोऱ्या आला, आनी कितें जाय?
वेळ, मी म्हटलं.
त्याने विचार केला
आणि दुसरा चहा आणून ठेवला.

दोनला एर्मेलिंडाबाईंनी वही उघडली.
कुठून आलात, या रकान्यात मी लिहिलं, पाटो.
त्यांनी चष्मा नाकावर ओढला.
हें पलतडचें पाटो?
हो, तेच. चार तास लागले.
पुढचा रकाना, कुठे जाणार.
त्या म्हणाल्या, ऱ्हावूं दी रिकामो, कोण वाचता?
पण एकतीस वर्षं वीज मंडळात मी
रिकाम्या रकान्यांचे अर्ज परत धाडत आले.
लिहिलं, जेवायला.

जेवले. हुमण, तळलेले मुडदुशे, वर सोलकढी.
मांडवीच्या कडेने हिंडले. कॅसिनोच्या बोटी
दिवे लावून जागच्या जागी उभ्या,
त्यांनाही कुठे जायचं नसावं.
आणि परतताना पाय
मला न विचारता
जुन्या लॉजच्या पायऱ्या चढले.

गुरुदासचा हात सवयीने आकड्याकडे गेला,
माझा पुढे झाला.
आकडा रिकामा.
दोघंही हसलो, तो जरा आधी.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून, गजरा सावरत,
एक मावशी म्हणाल्या,
तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?
मी दोनशे चारची.
अगंबाई, म्हणजे तो साबण तुमचा?
आमची बॅग बसमध्येच राहिली हो,
त्याच्यावरच निभावलं सगळ्यांनी.
आणि हातावर पेढा ठेवला. नवरी दिसली नाही.

खाडीवरून परत आले, पावलं मोजली नाहीत,
पेढा खात होते.
अंधारात दार उघडलं
आणि दिव्याचं बटण शोधत राहिले
डाव्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला,
जिथे दोनशे चारमध्ये होतं.
भिंत गार, गुळगुळीत, अनोळखी.
मी येऊन आठ तास झाले होते.
हात अजून वाटेत होता.