एक रवा वजन

मार्केट यार्डात, आनंदाच्या अडतीत,
माझी बॅग गुळाच्या काट्यावर चढते.
ज्योतिराम हमाल माशा हाकलत आकडा वाचतो,
"आक्का, एकतीस. एक रवा, वर किलोभर."
विमानात तीसच चालतात. गुळाचा रवाही तिसाचाच.
कुणी कुणाचं बघून ठरवलं, देव जाणे.

किलोभर काय कमी करायचं?
व्याकरणाचं जाड पुस्तक काढते.
चटणीची बरणी राहू देते.

हायफाँग, मग सूर, मग कुताइसी.
आता नमंगान. नकाशात आनंदाला अजून सापडलेलं नाही.
दर वेळी तेच :
डिग्रीवर शिक्का, शिक्क्यावर सही,
ती सही खरी असल्याचा दुसरा शिक्का.
पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला.
हवालदार मान वर न करता विचारतो, "लग्न?"
"त्याचा रकाना नाही साहेब यात."
आणि मातृभाषेचा रकाना मात्र सगळीकडे.
इंग्रजी असेल तर पगार एवढा, नसेल तर एवढा.
हायफाँगला डर्बनच्या ग्रेगला माझ्या दुप्पट मिळायचे.
स्पेलिंग विचारायला तो माझ्याकडे यायचा.

खरं तर माझा पहिला परदेश पुणे.
हॉस्टेलच्या जेवणघरात दारातूनच ओरडले,
"थांबा गं, मी आलो!"
अख्खं टेबल हसलं. "आलो? कोण आलो?"
आमच्याकडं बायका असंच बोलतात,
हे सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं.
मग तीन वर्षं आले, गेले, जेवले,
उसन्या साडीचा पदर सांभाळावा तसं
एकेक क्रियापद सांभाळत.

इंग्रजी त्यानंतर आली.
तिच्यात "आय केम" म्हटलं की संपलं.
बाई आली की बुवा आला, कुणी विचारत नाही.
मला वाटतं, तिथंच आमचं जमलं.

कुताइसीत, सहावीच्या वर्गात,
केतेवान उभी राहिली, कानटोपी हातात चुरगाळत :
"माय मदर, ही इज अ नर्स."
त्यांच्या भाषेत तो नि ती एकच.
मागच्या बाकावरचे हसायला टपलेले.
माझ्या हातातलं लाल पेन उघडंच.
आणि एकदम आई दिसली,
गंगावेशीत, रात्री साडेनऊला,
म्हशीच्या धारेखाली ग्लास धरून उभी,
ओठांवर फेस,
"मी दोन प्यालो, आता तू घे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बस."
त्या रात्री झोप लागली नाही.
वार्षिक परीक्षेत तिचे दोन मार्क
माझ्यामुळे गेले असतील.
गेलेच असतील.

उजळाईवाडीच्या विमानतळावर
आई काचेपर्यंत येते. तिथून पुढं तिला सोडत नाहीत.
सकाळपासून बोललेली नाही,
फक्त बरणीचं झाकण घट्ट आहे का, चारदा विचारलंय.
मागं रांगेत एक पोरगी, कानाला फोन,
"हो आई, निघाले, बसले, पोचले की करते."
किती नीट बोलते.

"येतो," मी म्हणालो.
"ये की," आई म्हणाली, नि पाठ फिरवून
पार्किंगच्या पावतीवरून आनंदाशी भांडायला लागली.

बॅगेवर ज्योतिरामनं सवयीनं खडूची खूण केलीय,
अडतीचं अक्षर, खाली तीस.
पुसायचं राहून गेलं.
ताश्कंदच्या पट्ट्यावर सगळ्या बॅगा काळ्याच असणार.
तिथवर टिकली तर बरं.