पंचिंगचं बोट

पहिला वकील ठाण्याच्या कोर्टनाक्याला, झाडाखाली.
टेबलाचा एक पाय विटेचा.
बँडेजकडे न बघता म्हणाला,
पाच हजार आधी, बाकीचे तारखेला.
तारीख कुठली, ते नाही म्हणाला.

दुसऱ्याच्या पाटीवर अपघात, घटस्फोट, भाडेकरार, पासपोर्ट.
त्याने जाड पुस्तक काढलं,
तक्त्यावरून बोट (त्याचं) फिरवत खाली आला
आणि थांबला : तर्जनी, पूर्ण. चौदा टक्के.
मी विचारलं, कशाचे?
म्हणाला, तुमचे.

बसमध्ये हिशेब केला.
शंभरातून चौदा गेले.
शहाऐंशी टक्के मी इलठणपाड्याला उतरलो,
शहाऐंशी टक्क्यांना बायकोने ताट वाढलं.
भाकरी मोडायला शंभरच्या शंभर लागतात,
हे पुस्तकात नसावं.

तिसरा चांगला बोलला. चहा पाजला.
मग म्हणाला, घरतशेठ आपल्या ओळखीतलेच,
चाळीस हजार देतायत, घेऊन टाका,
कोर्टाची पायरी चढून कुणाचं भलं झालंय!
मी शेठचं नाव अजून सांगितलंच नव्हतं.

शेठचं म्हणणं सोपं आहे :
हा माणूस आमचा नाही.
आला असेल रबाळ्याच्या शेडमध्ये कुणाचा डबा घेऊन,
लावला असेल प्रेसला हात, हौसेने.
हौसेने!
रात्रपाळी, साठ टनी प्रेस,
सेफ्टीचा सेन्सर तारेने बांधलेला.
तार कुणी बांधली ते रामनयनने पाहिलंय.
रामनयन आता आजमगढला. फोन वाजतो, उचलत नाही.
त्याला बोल लावत नाही मी.
त्याची दहाही बोटं कामावर आहेत.

मुकादम वकीलबाईंचा पत्ता दवाखान्यातल्या नलूमावशीने दिला.
झेरॉक्सच्या दुकानावर, जिना एका माणसाचा.
बाईंनी जखम नाही विचारली, पगार नाही विचारला.
विचारलं, हजेरी कशी लागायची?

मशीनवर. थंब मारायचो.
अंगठा?
म्हणायचं थंब. माझा अंगठा मशीन वाचायचंच नाही,
पत्र्याने, तेलाने रेघा गेल्या होत्या त्याच्या.
म्हणून सुपरवायझरने हे घेतलं,
असं म्हणत मी दाखवायला गेलो
आणि दाखवायला ते नव्हतं.

बाईंचं पेन थांबलं.
पंख्याने कागद उडत होते, त्यांवर त्यांनी स्टेपलर ठेवला.
किती दिवस?
अडीच वर्षं. आत जाताना, बाहेर येताना.
आणि त्या रात्री?

आत गेल्याची असेल.
बाहेर आल्याची नसेल.

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.
बाई म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डला
तुम्ही अजून आतच आहात.
मागू आपण ते रेकॉर्ड.
मिळेलच असं नाही. पुसलं असेल तर का पुसलं, ते विचारू.
फी आत्ता नको, कागदांचा खर्च तेवढा ठेवा.
आणि जिंकू का, हे मला विचारू नका,
ते मी माझ्या आईलाही सांगत नाही.

वकीलपत्र पुढे आलं. मी म्हटलं, अंगठा लावतो.
सही येत नाही?
येत होती.
मग करा.

अंगठा आणि मधलं बोट, मध्ये पेन.
बिरुदेव खिलारे.
'बि'ची वेलांटी शेजारच्या ओळीत पडली,
'खि' डुलला, 'रे'चा मात्रा कुठे गेला देव जाणे.
दुसरीतल्या पोराच्या पाटीवरचं नाव.
ही माझी सही नाही, मी म्हणालो, बँकेत वेगळी आहे.
आजपासून हीच, बाई म्हणाल्या.
अजून तीन ठिकाणी करा.

तिसऱ्या ठिकाणी
जरा सरळ आली.