लॉगबुक

जहाजावरचं लेखन-शिबिर म्हटल्यावर
यजमानांना वाटलं, पासपोर्ट लागेल.
लागली आधारची झेरॉक्स, साडेसातशे रुपये.
बोट लागू नये म्हणून त्यांनी गोळी दिली पुडीत बांधून,
ती पर्समध्येच राहिली.
पिपलियापाल्याच्या पाण्यात कुणाला काय लागणार?

खालच्या डेकवर एरवी वाढदिवस होतात.
पाचच्या आकड्याचा एक चंदेरी फुगा
छताला राहून गेलेला, अर्धी हवा उतरलेला,
दिवसभर आमच्या डोक्यावर हलत होता.
खुर्च्या चौदा, माणसं अकरा.
मुळ्ये बाई म्हणाल्या, चला, लेट होऊन राहिलंय,
आणि टिल्लू सरांच्या हातात नारळ दिला.
सर पुण्याहून रात्रीच्या बसने आलेले,
डोळे तांबडे, झब्बा कडक.

सर म्हणाले, काठ विसरा.
काठ तर चारही बाजूंनी बघत होता:
रिंग रोडचे ट्रक, अर्ध्या इमारतीवरची क्रेन,
बदकांना सेव टाकणारं एक पोर
आणि त्याला रागावणारा शिटीवाला.
सर म्हणाले, समुद्र लिहा.
प्रत्येकाच्या आत असतो.

माझ्या आत नव्हता.
एकदाच पाहिला, ब्याण्णव साली, ओहोटीला.
तो लांब गेलेला होता
आणि आमची बस सुटणार होती.

वीस मिनिटं. पेनं खरखरू लागली.
मुळ्ये बाईंनी ‘अथांग’ लिहिलं, मला बाजूने दिसलं.
दिघ्यांनीही.
मी छत्तीस वर्षं वीज मंडळात
मागचं वाचन, चालू वाचन, फरक
लिहीत आले.
अथांग कुठल्या रकान्यात घालू?

चौथ्या फेरीला वर गेले, हवेला.
सुकाणूपाशी रामरतन कीर, डोळ्यावर हिरवा चष्मा,
मोतीबिंदू काढून नऊ दिवस झालेले.
म्हणाला, दीदी, आप तो लिखनेवालों में हो,
ज़रा ये भर दो.
पाणी दिसतं, रकाने दिसत नाहीत.

रजिस्टर डिझेलने मऊ झालेलं.
फेरी चौथी. सुटली बारा दहा.
वारा पश्चिमेचा, किंचित.
सवारी अकरा.
शेवटचा रकाना, विशेष.
त्यात काय भरायचं?
कुछ नहीं, तो म्हणाला, वही भरते हैं.

मी मागची पानं उलटली.
कुछ नहीं. कुछ नहीं. कुछ नहीं.
आषाढातल्या एका मंगळवारी:
एक चप्पल पानी में. नहीं मिली.
मग परत आठ पानं कुछ नहीं.
मग एक दिवस, सवारी शून्य,
आणि पुढे त्याच वाकड्या अक्षरात:
फिर भी चक्कर लगाया.

माझ्या पाठीतून काहीतरी सरकलं.
इंजिनची धडधड असेल.

खूप वेळ पेन धरून बसले.
रिंग रोडचे ट्रक उजवीकडून डावीकडे गेले,
म्हणजे आम्ही वळलो होतो.
मग लिहिलं, मराठीतच:
अकरांपैकी दहांनी समुद्र लिहिला.
त्याला वाचून दाखवलं, समजावून सांगितलं.
तो हसला नाही. पुढे बघत म्हणाला,
और ग्यारहवीं?
मी सवयीने कोपऱ्यात छोटी सही केली,
बिलावर करायचे तशी, फक्त आद्याक्षरं.

खाली वाचन सुरू झालेलं.
दिघ्यांचा समुद्र गर्जत होता.
माझी पाळी आली, वही कोरी.
सर म्हणाले, हरकत नाही, कुणाकुणाला वेळ लागतो,
आणि शाल नीट केली.

धक्क्याचा टायर बोटीला घासला.
फुगा आता मुळ्ये बाईंच्या खांद्याशी उतरला होता,
त्यांनी तो हळूच बाजूला सारला,
कुणाचं मूल असावं तसा.

घरी यजमान दार उघडत म्हणाले,
काय मग, बोट लागली का?

थोडीशी, म्हटलं.
चौथ्या फेरीला.