पाणी जोखणं

पट्टा काढा. घड्याळ. दातांत, छातीत, डोळ्यांत काही धातू?
त्रीनूच्या यादीत एकतीस प्रश्न.
मी प्रत्येकाला नाही म्हणतो
आणि तरी पँटच्या खिशातून निघतो एक खिळा,
हियुमा बेटावरून बोटीने, मग दोन बशींनी
माझ्याबरोबर तार्तूला आलेला.
ती तो कागदी पेल्यात ठेवते.
"आत आला असता तर उडाला असता," म्हणते.

मी हेल्दुर. बोअर पाडणारा.
चुनखडकात ड्रिल उतरलं की
आवाजावरून सांगायचो, अजून किती हात.
दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा चुकलो ते कुणाला कळलं नाही.

आता मीच आडवा, नळीत,
आणि माझ्याभोवती कुणीतरी ड्रिल चालवतंय.
हेही पाणीच शोधतं म्हणे.
पेशींच्या भिंतींमधून ते किती सहज हलतं,
कुठे अडखळतं, प्राणवायू कुठे कमी पडतो.
मी डॉक्टर पिहलना विचारलं होतं, रंग सोडणार का?
आम्ही सोडायचो, हिरवा, शेजाऱ्याच्या शोषखड्ड्यात,
आणि बघायचो, विहिरीत किती दिवसांनी उतरतो.
ते म्हणाले, नको, उसन्या मूत्रपिंडाला रंग नको.
तुमच्या रक्तातल्या पाण्यालाच खूण करू.
दोन-चार सेकंद टिकते. मग पुसली जाते.

श्वास घ्या.
सोडा.
थांबा.

थांबलो.
क्रिएटिनिन तीन महिने चढतंय,
एकशे अठरा, एकशे तीस, एकशे एकसष्ट.
कुठेतरी पाणी मुरतंय.

घ्या आता श्वास.

लेइदा माझ्या पाठची.
आईच्या वाट्याचं बर्चचं रान मी तिला न विचारता विकलं,
ट्रकचे हप्ते भरले.
नऊ वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलं,
एकाच बेटावर, एकाच दुकानात पाव घेत.
मग माझी दोन्ही बंद पडली
आणि ती एका मंगळवारी दारात उभी, बूट न काढता:
"माझा रक्तगट तोच आहे. कधी जायचं ते सांग."
रानाचा विषय तिने काढला नाही.
मी काढणार होतो. बोटीत, वॉर्डात, भूल देण्याआधी.
तिने माझं सगळं पोटात घातलं,
आणि डॉक्टरांनी तिचं माझ्या.

सोडा. थांबा.

ते पाठीशी नाही, इथे पुढे आहे,
उजव्या जांघेच्या वर, कातडीखाली,
हात ठेवला तर लागतं.
आल्यापासून दारातच बसलेल्या पाहुण्यासारखं,
की बूट अजून पायातच आहेत.

संपलं, त्रीनू म्हणते. चाळीस मिनिटं.
कानात अजून खडक फुटतोय.

पडद्यावर तीन.
माझी दोन, जुन्या अक्रोडांसारखी, कुणी काढली नाहीत.
आणि खाली तिचं, भरलेलं, मोठं.
एकट्याने काम करायचं म्हणून वाढलंय, असं पिहल सांगतात.
मग पेनाचं टोक वरच्या कडेला नेतात.
"इथे रक्त थोडं कमी पोचतं.
सूज असेल. किंवा व्रण.
आज नाही सांगता येत.
गुरुवारी कदाचित सुई घालून तुकडा घ्यावा लागेल."

मला हे माणूस म्हणून पटत नाही,
बोअरवाला म्हणून पटतं.
इतकं खाली बघून जो म्हणतो, माहीत नाही,
त्याचे पैसे मी दिले असते.

खिळा खिशात टाकतो.
पेला विसळून नळाचं पाणी पितो, दोनदा.
जरा गंज लागतो जिभेला.

बसथांब्यावरून लेइदाला फोन लावतो. उचलत नाही.
या वेळी ती लाकडं रचत असते,
जड उचलू नकोस असं तिलाही सांगितलेलं असताना.
आठला परत लावेन, गोळीच्या वेळेला.
आधी रानाचं बोलेन.
मग वरच्या कडेचं.